सहा बाटल्यांचं चामड्याचं कॅरियर: तळ खाली येतो, रिव्हेट उपसतात. माप आणि बांधणी कशी ठेवावी?

खण_सहा

३३० मिलीच्या लांब मानेच्या सहा बाटल्यांसाठी हाताने शिवलेलं कॅरियर करायचं आहे. दोन रांगा, प्रत्येकी तीन बाटल्या, मध्ये पडद्या आणि वर धरायला मूठ. बाटली मोजली: जाडी ६१ मिमी, झाकणासकट उंची २३० मिमी, भरलेलं वजन साधारण ५५० ग्रॅम. म्हणजे नुसत्या बाटल्याच ३.३ किलो.

पहिला नमुना असा होता: चार भिंती एकाच पट्टीच्या, तळ वेगळा कापून खालच्या कडेला चौफेर शिवलेला. टाके ३ मिमी अंतरावर, धागा ०.६ मिमी. मूठ म्हणजे २५ मिमीचा पट्टा, दोन्ही बाजूंना दोन-दोन पोकळ रिव्हेटने लावलेला. चामडं २ मिमी.

झालं ते असं:
१. आठवडाभरात तळ मधून जवळजवळ १५ मिमी खाली आला आणि एका बाजूची शिवण भोकांच्या ओळीवरच फाटली.
२. मुठीचे दोन रिव्हेट टोपीतून सुटले.
३. थंड बाटल्यांचं पाणी झिरपून तळाशी काळे डाग पडले, आतून वासही येतो.
४. उचलताना बाटल्या मानेपाशी एकमेकींवर आपटतात.

नुसतं जाड चामडं घेऊन भागेल की बांधणीच बदलावी लागेल? शक्यतो मापांसकट सांगा.

रापीधार

जाडी वाढवून हे सुटणार नाही. ३.५ मिमीचं चामडं घेतलंत तरी तळ त्याच जागी फाटेल, फक्त उशिरा. तुमच्या नमुन्यात सगळं वजन तळाच्या शिवणीवर लटकतं आहे. शिवणीचं काम दोन तुकडे जागेवर धरायचं. ओझं चामड्याने तोलायचं. बाटल्यांच्या खालून निघून मुठीपर्यंत जाणारा एक तरी अखंड पट्टा हवाच. तो असला की सगळे टाके तुटले तरी बाटल्या जमिनीवर पडत नाहीत.

३ मिमीचे टाकेही इथे घातकच. भोकं इतकी जवळ आली की ती ओळ वहीतल्या फाडायच्या पानासारखी होते. या कामाला ४ मिमी अंतर, कडेपासून ५ मिमी आत, ०.८ मिमीचा मेण लावलेला पॉलिस्टर धागा.

बांधणी अशी ठेवा.

तुकडे पाच प्रकारचे. पहिला मुख्य तुकडा: एका लांब बाजूवरून सुरू होऊन तळाखालून दुसऱ्या लांब बाजूला वर येणारा, म्हणजे दोन भिंती आणि तळ एकसंध. दुसरे, दोन टोकांच्या भिंती. तिसरा भार पेलणारा पट्टा: एका टोकाच्या भिंतीच्या आतून खाली, तळावरून लांबीच्या दिशेने, दुसऱ्या टोकाने वर आणि तिथून लाकडी दांड्याला. चौथी, पट्ट्यावर बसणारी तळाची फळी. पाचव्या, पडद्या.

पट्टा आतून का? टोकाच्या भिंतींच्या दुमडी मी बाहेरच्या दिशेला सांगतो आहे. त्या आत घेतल्या तर शिवण आत येते, सुई फिरवायला जागा राहत नाही आणि कोपऱ्यातली बाटली दुमडीवर चढते. दुमड बाहेर आली की भिंत कडेपासून दीड सेंटिमीटर आत सरकते. मग बाहेरून नेलेला पट्टा भिंतीला टेकतच नाही, हवेत राहतो. आतून नेला की फळी थेट पट्ट्यावर बसते: बाटली, फळी, पट्टा, दांडा, हात. मधे एकही टाका नाही.

आता मापं. जाडी: मुख्य तुकडा आणि पट्टा ३.२ मिमी, टोकाच्या भिंती २.४, पडद्या २.

आतली लांबी: तीन बाटल्या १८३, दोन आडव्या पडद्या ४, सैलपणा ८, म्हणजे १९५. पट्टा दोन्ही टोकांना आत येतो म्हणून ६.४ मिळवा. २०२ धरा.
आतली रुंदी: दोन बाटल्या १२२, एक पडदी २, सैलपणा ६. एकूण १३०.
भिंतीची उंची १३०. पट्टा आणि फळी मिळून ७ मिमी खातात, उरतात १२३. भरलेल्या बाटलीचा गुरुत्वमध्य निम्म्या उंचीच्या खाली असतो, त्यामुळे एवढी भिंत पुरते. यापेक्षा बुटकी केली तर चालताना बाटली बाहेर झुकते. १५० केली तर बाटली काढताना बोटं आत घुसवावी लागतात.

मुख्य तुकडा ३९५ × २३२. ३९५ असं येतं: १३० + १३० + १३०, आणि दोन घड्यांचे मिळून ५ मिमी. ३.२ मिमी चामडं आतून काटकोनात दुमडलं की प्रत्येक घडीला अडीच मिमी जास्त लागतं. हे विसरलं की एक भिंत बुटकी निघते. २३२ म्हणजे आतले २०२ आणि दोन्ही टोकांना दुमडीसाठी १५-१५.

टोकाची भिंत १५४ × १४२, दोन नग. डावी, उजवी आणि खालची कड अशा तिन्हीकडे कडेपासून १३.५ मिमीवर घडीची रेघ. खालचे दोन्ही कोपरे त्या रेघांवर चौकोनी कापून टाका, नाहीतर दुमडी एकमेकींवर चढतात.

पट्टा ५० मिमी रुंद, १०२० मिमी लांब. शेवटी थोडा छाटावा लागेल, पण कमी पडला तर अख्खा पट्टा वाया.

फळी १९४ × १२८, ४ मिमी वॉटरप्रूफ प्लायवूड. कोपरे थोडे गोल करा आणि कडांना वॉर्निशचे दोन हात. प्लायवूड पाणी पितं ते कडेनेच.

पडद्या: लांब एक, १९५ × ११०. आडव्या दोन, १३० × ११०. लांब पडदीला ६५ आणि १३० मिमीवर वरून ५६ मिमी खोल खाचा. आडव्यांना मधोमध ६५ वर खालून तेवढ्याच. खाचेची रुंदी २.२. अगदी २ ठेवली तर ओलाव्याने चामडं फुगल्यावर पडद्या सुटत नाहीत.

दांडा २२ मिमी व्यासाचा, २३५ लांब, कुठलंही कठीण लाकूड. दांड्याची खालची बाजू तळापासून २८० मिमीवर यायला हवी. बाटलीचं झाकण २३७ वर येतं, म्हणजे बोटांना ४३ मिमी मिळतात. याहून कमी ठेवू नका, नखं झाकणांवर घासतात. दांडा दोन रांगांच्या बरोबर मधे असल्यामुळे बाटल्या सरळ वर निघतात, त्याला बाजूला करावं लागत नाही.

सगळं मिळून चामडं अडीच चौरस फुटांच्या आसपास. खराब भाग, पोटाकडचा भाग सोडून कापायचं असेल तर चार चौरस फूट हाताशी ठेवा.

दोरामेण

वरची मापं बरोबर आहेत. बांधणीचा क्रम मात्र लिहिलेला नाही, आणि हे काम बिघडतं ते तिथेच. पेटी शिवून झाल्यावर आतल्या खालच्या रिव्हेटवर हातोडी चालवता येत नाही, मागे ऐरण धरायला जागाच नसते. म्हणून पट्टा आधी भिंतींना जोडा.

१. सगळे तुकडे कापा. रंग द्यायचा असेल तर आत्ताच, सुटे असताना. शिवणीनंतर दिलेला रंग धाग्यात शिरतो आणि दुमडीच्या आत पोचत नाही.

२. नंतर हात पोचणार नाही अशा कडा आधी घोटा: टोकांच्या भिंतींची वरची कड, पट्ट्याच्या दोन्ही कडा, पडद्यांच्या सगळ्या. कडेचा धारदार कोपरा तासा, ४०० नंबरच्या कागदाने घासा, सीएमसी (पाण्यात कालवलेली सेल्युलोजची चिकट खळ) किंवा ट्रॅगाकांथ गोंदाचं पातळ बोट फिरवा आणि लाकडी घोटणीने चमक येईपर्यंत घोटा.

३. टोकांच्या भिंती ओल्या करून दुमडा. स्पंज दोन्ही बाजूंनी फिरवायचा, पाणी आत मुरलं आणि वरचा रंग पुन्हा उजळायला लागला की दुमडायचं. चिंब असताना दुमडलं तर घडी मऊ राहते. २.४ मिमीला खोबणी काढायची गरज नाही, धातूची पट्टी रेघेवर ठेवून हाडाच्या घोटणीने दाबलं की पुरतं. मुख्य तुकड्याच्या दोन घड्यांना तर खोबणी मुळीच नको. खोबणी म्हणजे त्या रेघेवर जाडी निम्मी, आणि तिथूनच तळ वळतो. १३० मिमी रुंद लाकडी ठोकळ्यावर ओला तुकडा दुमडून दोन फळ्यांमध्ये शिकंजाने धरा आणि सावलीत दिवसभर राहू द्या. हीटर किंवा उन्हात वाळवलं की चामडं आकसून कडक होतं आणि घडीवर तडे जातात.

४. पट्टाही दोन्ही वळणांवर ओला करून वळवा, मग भिंतींना रिव्हेट करा. प्रत्येक भिंतीला चार तांब्याचे भरीव रिव्हेट, वॉशरसकट, ९ नंबरचे (दांडी साधारण ३.८ मिमी). दोन वरच्या कडेपासून १५ मिमी खाली, दोन तळापासून ४० मिमी वर. आडवं अंतर पट्ट्याच्या मधल्या २० मिमीत ठेवा, त्याबाहेर नाही. दोन रांगांच्या मधोमध बाटल्यांची गोलाई भिंतीपासून लांब असते, त्यामुळे तिथे रिव्हेटची टोपी काचेला लागत नाही. सपाट टोपी आत, वॉशर बाहेर. वॉशर घट्ट ठोकून बसवला की दांडी दीड मिमी उरेल अशी कापा आणि हातोडीच्या गोल टोकाने हलक्या, पुष्कळ ठोक्यांनी पसरवा. जोरात दोनच ठोके दिले तर दांडी चामड्याच्या आत वाकते. वरून रिव्हेट ठीक दिसतो, आतून ढिला असतो.

तुमचे पोकळ रिव्हेट सुटले याचं कारण त्यांची बनावट. ते फक्त टोपीच्या पकडीवर धरलेले असतात. शोभेला, खिशाच्या कोपऱ्याला ठीक. ओझं ओढलं जातं तिथे नाही.

५. आता तुमच्या हातात "भिंत, पट्टा, भिंत" अशी साखळी आहे. ती मुख्य तुकड्यात बसवा. दुमडीची जी बाजू मुख्य तुकड्याला चिकटणार ती खरखरीत करून घ्या, गुळगुळीत बाजूवर कॉन्टॅक्ट सिमेंट (दोन्ही तुकड्यांना लावून चिकटवायचा गोंद) धरत नाही. दोन्हीकडे पातळ हात, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग आधी तळ जुळवा आणि नंतर बाजू. बाजूंपासून सुरुवात केली की सगळी चूक तळाच्या कोपऱ्यात जमते.

६. भोकं आणि शिवण. दुमड आणि मुख्य तुकडा मिळून ५.६ मिमी जाडी होते. काटा (भोकांची ओळ पाडायचं दातेरी अवजार) एकदम आरपार नेला तर मागची ओळ वाकडी येते. पुढून खुणेपुरता काटा मारा, मग प्रत्येक भोक आरीने सरळ पाडा. मागे बुचाचा तुकडा धरा.

धाग्याबद्दल "शिवणीच्या चौपट" हा ठोकताळा इथे कमी पडतो. दोन सुयांच्या शिवणीत प्रत्येक टाक्याला दोन्ही धागे ४ मिमी पुढे आणि ५.६ मिमी आरपार जातात, म्हणजे १९ मिमी धागा दर ४ मिमीला. जवळजवळ पाचपट. एका टोकाची शिवण ३९० मिमी, तिला १.९ मीटर आणि सुया ओवायला ३० सेंमी जास्त. २.२ मीटर तोडा. मधे धागा संपला की गाठ तळाच्या कोपऱ्यात येते, नेमकी जिथे नको तिथे.

सुरुवात वरच्या कडेपासून, कडेवरून दोन वेढे देऊन. शेवटी तीन टाके मागे या, धागा कापून टोक वितळवून दाबा.

७. दांडा. पट्ट्याचं टोक ७५ मिमी बाहेरच्या बाजूला दुमडून घ्या, चिकटवा, आणि दुमडीपासून ३० मिमी खाली मध्य धरून दोन्ही थरांतून २२ मिमीचं भोक. भोकाच्या दोन्ही बाजूंना १४ मिमी चामडं उरतं. भोकाखाली दोन रिव्हेट. दांडा दोन्ही टोकांना १२-१३ मिमी बाहेर काढून त्यातून ४ मिमीची पितळी खुंटी आरपार. स्क्रू नको, दांड्याच्या टोकाला रेषांच्या दिशेने घातलेला स्क्रू काही दिवसांत सैल होतो.

सालकमाई

चामडं निवडण्याबद्दल कोणी फार लिहिलेलं नाही, म्हणून थोडं.

तुमच्या वर्णनावरून पहिला नमुना क्रोमच्या (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या) चामड्याचा नसावा, कारण काळे डाग पडले. ते डाग बहुतेक पाण्याचे नाहीत, लोखंडाचे आहेत. झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्यात टॅनिन, म्हणजे सालीतलं तुरट द्रव्य, असतं. ओलं असताना लोखंड लागलं की निळसर काळा रंग धरतो. पोकळ रिव्हेटची दांडी बहुधा लोखंडी आणि वर पितळेचा मुलामा असते. चुंबक लावून पाहा. कापताना वापरलेली लोखंडी पट्टी, पोलादी सुरीचा बारीक कीस, हेही पुरे होतं. डाग ताजा आणि चामडं बिनपॉलिशचं असेल तर लिंबाच्या रसाचा बोळा फिरवून मग साध्या पाण्याने पुसलं की बराच उतरतो. पुढच्या वेळी पितळ, तांबं किंवा स्टेनलेस, दुसरं काही नाही.

या कामाला सालीने कमावलेलं गाईचं किंवा म्हशीचं जाड चामडंच हवं. क्रोमचं मऊ आणि ताणणारं असतं, ओलं करून दिलेला आकार धरत नाही. खात्री नसेल तर कापलेली कड पाहा: सालीचं आरपार तपकिरी किंवा फिकट बदामी असतं, क्रोमच्या कडेला बऱ्याचदा निळसर राखाडी रेघ दिसते. अजून शंका असेल तर नखाएवढा तुकडा उकळत्या पाण्यात टाका. सालीचं काही क्षणांत आकसून वळतं, क्रोमचं फारसं बदलत नाही.

पट्टा कातड्याच्या पाठीच्या भागातून काढा, कण्याला समांतर. त्या दिशेला ताण सगळ्यात कमी. पोटाकडचं चामडं ढिलं असतं. पट्टा त्यातून काढला तर एक मीटरला दोन-तीन सेंटिमीटर सहज लांबतो आणि दांडा तेवढा वर सरकून पेटी लोंबायला लागते. मुख्य तुकडा पाठीचा किंवा खांद्याचा. पडद्यांना पोटाचं चालेल, तिथे ओझं नाही.

कापायच्या आधी प्रत्येक तुकडा हातात वाकवून पाहा. वरच्या बाजूला सुटी, मोठी सुरकुती उठली तर त्या जागी थर सैल आहेत. तो भाग पट्ट्यात घेऊ नका, तळात तर नाहीच.

खण_सहा

इतकं सविस्तर उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. रिव्हेटला चुंबक लागतो, म्हणजे डाग लोखंडाचेच.

तीन गोष्टी अजून विचारतो. थंड बाटल्यांच्या पाण्याचं काय करावं? आतून फेल्ट लावावं का? ६५० मिलीच्या बाटल्यांना हाच नमुना मोठा करून चालेल का? आणि भोकं पाडलेल्या एकाच चपट्या तुकड्यात सहा माना अडकवायच्या, असा एक सोपा प्रकार असतो, तो कितपत टिकतो?

ओल_चामडं

फेल्ट नको. ते पाणी धरून ठेवतं आणि चामड्याला चिकटून बसतं. वास आणि बुरशी तिथूनच सुरू होते. बाटली थंड ठेवायची असेल तर २ मिमी निओप्रीनच्या सुट्या बाही शिवा, बाहेर काढून वाळवता येतील अशा.

पाण्याला पेटीबाहेर जायला वाट द्या. मुख्य तुकड्याच्या तळाला, पट्टा सोडून, चार कोपऱ्यांजवळ ६ मिमीची चार भोकं पाडा आणि त्यांच्या कडाही घोटा. पट्टा ३.२ मिमी उंच आहे, त्यामुळे फळी दोन्ही बाजूंना अधांतरी राहून डुगडुगेल. पट्ट्याच्या डाव्या-उजव्या बाजूला त्याच चामड्याच्या ३४ मिमी रुंद पट्ट्या टाका, म्हणजे फळी सपाट बसते आणि मधल्या फटींतून पाणी वाहतं. फळी चिकटवू नका. खाली चार कोपऱ्यांना पितळी पाय लावले तर ओल्या टेबलावर ठेवूनही तळ कोरडा राहतो.

चामड्याची आतली खरखरीत बाजू उघडी ठेवली तर ती टीपकागदासारखं पाणी ओढते. शिवायच्या आधी तिच्यावर सीएमसीचा दाट हात द्या आणि काचेच्या चपट्या तुकड्याने घोटा, तंतू बसेपर्यंत. वाळल्यावर दुसरा हात. मग ॲक्रिलिक टॉप कोट निम्म्याला निम्मं पाणी घालून, स्पंजने दोन पातळ थर, मधे तास-दोन तास. दाट एकच थर दिला तर तो घडीवर तडकून पापुद्रे सुटतात. सिमेंट लागायच्या जागा मात्र कोऱ्या ठेवा.

बाहेरून आधी नीट्सफूट तेलाचा (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं तेल) एक हलका हात, एक दिवस मुरू द्या, मग मधमाशीच्या मेणाचं मलम. मलम घरी करायचं तर एक भाग मेण, दोन भाग नीट्सफूट तेल, वजनाने. भांडं गरम पाण्यात ठेवून वितळवा, थेट आचेवर नाही. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्यापुढे तापवायचं कारण नाही. तेल जास्त झालं की चामडं लोळागोळा होतं आणि भिंती बाहेर फुगतात. अशा पेटीला मऊपणा नको, ताठपणा हवा. "चामड्याला भरपूर तेल पाजा" हा सल्ला बुटांना ठीक असेल, इथे नाही.

रंग दिला असेल तर टॉप कोटच्या आधी कोरड्या पांढऱ्या फडक्याने घासत राहा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. वर उरलेली भुकटी ओल्या बाटलीच्या लेबलवर आणि नेणाऱ्याच्या कपड्यांवर उतरते, काळ्या आणि गडद तपकिरी रंगात हमखास.

रापीधार

६५० मिलीबद्दल. नमुना टक्केवारीने मोठा करू नका, बाटली मोजून पुन्हा बेरीज करा. ती बाटली साधारण ७५ मिमी जाड आणि २९० मिमीच्या आसपास उंच असते, भरलेली १.१ ते १.२ किलो. सहांचे सात किलो होतात. पट्टा ते तोलेल, पण २२ मिमीचा दांडा बोटांना कापायला लागतो आणि पेटी चालताना गुडघ्याला लागते. चार खणांची करा. आतली लांबी: दोन बाटल्या १५०, पडदी २, सैलपणा ६, पट्ट्याचे ६.४, १६५ धरा. रुंदी १५८. भिंत १६०. दांड्याची खालची बाजू ३४० वर, दांडा २८ मिमीचा. त्याला पट्टा ६० मिमी रुंद घ्या, म्हणजे भोकाच्या बाजूला १६ मिमी उरतील. आतली लांबी कमी झाल्यामुळे पकडायला मिळणारा दांडाही १६० मिमीच राहतो. चार बोटांना पुरतो, पण दोन हातांनी धरायची सवय असेल तर अपुरा.

बाटल्यांच्या जाडीत एक-दोन मिमीचा फरक असतो. एकाच बाटलीवरून माप घेऊ नका, चार-पाच मोजा आणि सगळ्यात जाड ती धरा. चामडं कापायच्या आधी पूर्ण पेटी जाड पुठ्ठ्यात करून बाटल्या घालून पाहिलीच पाहिजे. यात जाणारा अर्धा तास चामडं वाचवतो.

दोरामेण

मानेत अडकवायच्या प्रकाराबद्दल: दिसतो छान, काम एका दुपारचं, पण मर्यादा ओळखून करा. तिथे प्रत्येक बाटली झाकणाखालच्या काठावर लटकते. भोक झाकणाच्या व्यासापेक्षा दोन-तीन मिमी लहान, आणि त्याला चार बाजूंनी ६-७ मिमीच्या चिरा, म्हणजे झाकण दाबून वर काढता येतं. बसवलेलं साधं झाकण २९ मिमीच्या आसपास असतं. प्रत्येक चिरेच्या टोकाला २ मिमीचं गोल भोक आधी पाडा, नाहीतर चीर पुढे फाटत जाते. चामडं ४ मिमीच्या खाली नको.

तरीही वापराने भोकं सैल होतातच, कारण पाकळ्या दर वेळी त्याच जागी वाकतात. ओल्या चामड्यात आणखी लवकर. आणि खाली पडद्या नसल्यामुळे बाटल्यांची पोटं एकमेकींवर आपटतात. दोन बाटल्यांपुरता ठीक. सहांसाठी मी तो सुचवणार नाही. फिरवून उघडायच्या झाकणांना तर अजिबात नाही, सगळं वजन झाकणावरच येतं.

खण_सहा

पुठ्ठ्याचा नमुना केला. मापं जुळली, दांड्याखाली बोटं नीट बसतात. एकच अडचण: बाटली वर ओढली की पडद्यांची जाळी तिच्यासोबत वर येते. चामड्यात तर लेबल आणखी घासेल. पडद्या भिंतींना शिवून टाकू का?

रापीधार

शिवू नका. पडद्या सुट्या निघाल्या तरच आतून पुसता येईल आणि पेटी वाळेल.

जाळी वर येते त्याला कारणं दोन. एक, पडदीची खरखरीत बाजू ओल्या लेबलला धरते. २ मिमीच्या एका थराऐवजी १ मिमीचे दोन थर खरखरीत बाजू आत घेऊन चिकटवा, दोन्हीकडून गुळगुळीत पडदी मिळते आणि ताठही जास्त राहते. चिकटवताना दोन्ही तुकडे मापापेक्षा ५ मिमी मोठे ठेवा आणि वाळल्यावर एकत्र छाटा, नाहीतर कडा जुळत नाहीत. दोन, जाळीला खाली धरणारं काही नाही. लांब पडदीच्या दोन्ही टोकांना, वरच्या कडेलगत, १५ मिमी रुंद आणि २५ मिमी लांब जीभ कापतानाच वाढवून ठेवा. भार पेलणाऱ्या पट्ट्यात त्याच उंचीवर, म्हणजे फळीपासून १०० मिमी वर, १६ मिमीची उभी चीर पाडा आणि तिच्या दोन्ही टोकांना २ मिमीची गोल भोकं. चीर पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने असल्यामुळे त्याची ताकद कमी होत नाही. आडवी पाडली तर होईल. मागच्या भिंतीलाही तिथेच चीर लागेल, ती दोन्ही थर जोडून झाल्यावर एकदमच पाडा. जीभ बाहेर काढून भिंतीवर वळवायची आणि पितळी बटणाने अडकवायची. बटणाची जागा वरच्या दोन रिव्हेटच्या खाली येईल, दोन्हींमध्ये निदान १२ मिमी सोडा.

धुवायच्या वेळी दोन बटणं काढली की जाळी वर निघते, फळी निघते. ओल्या फडक्याने पुसून पेटी आडवी ठेवा, तोंड वाऱ्याकडे, आणि जाळी पूर्ण वाळेपर्यंत परत घालू नका.

ओल_चामडं

चीर पाडाल तिची आतली कडही घोटा, निदान सीएमसीचा हात तरी द्या. कोरी राहिली तर टॉप कोटच्या मागून पाणी तिथूनच पट्ट्यात शिरतं, आणि इतर कुठूनही ओलावा आला तर चालेल, पण पट्ट्यात नको.